कोंकचें यात्रामंदिर



फ्रान्सच्या मध्यभागीं लिमोझ नांवाचें एक जुनें शहर आहे. तेथील मठांत संत मार्सियाल याची समाधि होती. इ. स. १०१८ मध्यें, ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांत, रात्रीच्या जागरणासाठीं आलेल्या लोकांची मंदिरांत शिरतांना अशी रेटारेटी झाली कीं पन्नासांहून अधिक स्त्रीपुरुष पायांखालीं तुडवले जाऊन मृत्यु पावले. आदेमार नांवाच्या समकालीन मठवासी ग्रंथकारानें ही हकीकत नमूद करून ठेविली आहे. यात्रेची गर्दी म्हणजे काय हें आपणां भारतीयांस निराळें समजावून सांगावयास नको.

त्या काळच्या युरोपांतील देवालयांची रचना पाहिली म्हणजे असे प्रसंग कां ओढवत तें ध्यानांत येतें. संतांच्या अस्थि पुष्कळदां मुख्य वेदीच्या खालीं, तळघरांत ठेवलेल्या असत. तेथें उतरावयास अरुंद जिना. दर्शन घेणारे खालीं उतरत आणि दर्शन झालेले त्याच अंधारांतून वर येत. इकडे वर, वेदीपुढें, मठांतील साधूंचा नित्यपाठ दिवसांतून सात वेळां आणि रात्रीं एकदां चालावयाचा. म्हणजे खालीं लोकांची कोंडी आणि वर साधूंच्या पाठांत विक्षेप. पॅरिसनजीकच्या सँ-दनी येथील मठाधिपति सुझेर यानें आपल्या जुन्या मंदिराविषयीं लिहितांना म्हटलें आहे कीं, सणाच्या दिवशीं त्या गर्दींतून सुटण्याकरितां बायका पुरुषांच्या डोक्यांवर पाय देऊन वेदीकडे जात. देवाच्या दारीं जीव जावा, हें त्या काळच्या महंतांनाहि खपणारें नव्हतें. शिवाय यात्रेकरू आले नाहींत तर मठ चालणार कसा, हाहि व्यावहारिक प्रश्न होताच.

या अडचणींतून अकराव्या आणि बाराव्या शतकांत एका विशिष्ट घडणीचीं देवालयें निर्माण झालीं. इतिहासकार त्यांस यात्रामंदिरें म्हणतात. त्यांत पांच प्रमुख मानतात : फ्रान्समधील तूर, लिमोझ, कोंक व तुलूझ येथील चार, आणि स्पेनच्या वायव्य टोंकास सांतियागो द कोंपोस्तेला येथील पांचवें. पैकीं तूर आणि लिमोझ येथील मंदिरें फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळांत व त्यानंतर जमीनदोस्त झालीं. उरलेल्या तिहींत कोंकचें मंदिर आकारानें सर्वांत लहान, परंतु आरंभाच्या दृष्टीनें सर्वांत जुनें. आजच्या भाषणाचा विषय तेंच आहे.

कोंक हें गांव दक्षिण फ्रान्समधील रुएर्ग या डोंगराळ प्रांतांत, सध्यांच्या आव्हेरों जिल्ह्यांत आहे. उश नांवाचा लहानसा ओढा एका खोल घळींतून वाहत जाऊन दुर्दू नदीस मिळतो. त्या घळीच्या उतारावर हें गांव वसलें आहे. जमिनीचा आकार शिंपल्यासारखा, आणि शिंपल्याला लॅटिन भाषेंत जो शब्द आहे त्यावरूनच गांवाचें नांव पडलें, असें परंपरा सांगते. आठव्या शतकाच्या अखेरीस दादों नांवाचा एक तपस्वी या रानांत एकान्तासाठीं येऊन राहिला. त्याच्याभोंवतीं शिष्य जमले, मठ झाला, आणि ८१९ मध्यें शार्लमेन बादशहाचा पुत्र लुई यानें त्या मठास सनद दिली. जागा अशी आडवळणाची कीं येथें वाट चुकल्याखेरीज कोणी येऊं नये. पुढें तर राजकृपेनें फिझाक येथें, मोकळ्या आणि सुपीक जमिनीवर, याच मठाची एक नवी वसाहत निघाली. आणि जुन्या कोंकचें काय होणार अशी चिंता तेथील साधूंस पडली. मठास जमीन होती, सनद होती. परंतु ज्याच्या दर्शनास लोक येतील असा संत नव्हता.

ही उणीव त्यांनीं कशी भरून काढली तें ऐकण्यासारखें आहे. नैर्ऋत्य फ्रान्समध्यें आझें म्हणून शहर आहे. रोमन बादशहा डायोक्लेशियन याच्या अमदानींत, इ. स. ३०३ च्या सुमारास, तेथें फ्वा नांवाच्या एका बारा वर्षांच्या मुलीनें रोमन देवतांपुढें बलि देण्यास नकार दिला म्हणून तिला तापलेल्या लोखंडी जाळीवर टाकून शेवटीं तिचा शिरच्छेद करण्यांत आला, अशी कथा आहे. फ्वा या शब्दाचा अर्थच 'श्रद्धा'. तिच्या अस्थि आझें येथें मोठ्या जपणुकीनें ठेवलेल्या होत्या. कोंकच्या साधूंनीं आरिविस्कस नांवाच्या आपल्यापैकीं एकाला तेथें पाठविलें. अकराव्या शतकांत लिहिलेल्या वृत्तान्ताप्रमाणें हा गृहस्थ आपली ओळख लपवून आझेंच्या धर्मसंघांत दाखल झाला, दहा वर्षें तेथें राहिला, सर्वांचा विश्वास संपादन करून समाधीचा रक्षक बनला. आणि एका सणाच्या रात्रीं इतर मंडळी भोजनास बसली असतां समाधि फोडून, अस्थि घेऊन कोंकला पळून आला. हें वर्ष ८६६ असें धरतात.

आतां, चोरी ती चोरी. परंतु कोंकच्या साधूंनीं ती लपविली नाहीं; उलट तिचा वृत्तान्त लिहून ठेविला आणि तिच्या स्मरणार्थ वार्षिक उत्सव सुरू केला. त्यांचा युक्तिवाद असा कीं संत हे जिवंत आहेत, सामर्थ्यवान आहेत. त्यांची इच्छा नसती तर त्यांच्या अस्थि जागेवरून हलल्याच नसत्या. हलल्या, त्या अर्थीं त्या कन्येलाच कोंक येथें यावयाचें होतें! या तर्कशास्त्रापुढें आझेंच्या लोकांनीं काय बोलावें? अशा 'पुण्यचोऱ्या' त्या काळीं युरोपांत जागोजाग झाल्या, आणि त्यांचे वृत्तान्त हा वाङ्मयाचा एक स्वतंत्र प्रकारच होऊन बसला. त्यांतला युक्तिवाद मला पटत नाहीं. परंतु त्या रात्रीं समाधि फुटली नसती तर रुएर्गच्या डोंगरांत आज पाहण्याजोगें कांहीं उरलें नसतें, ही गोष्टहि खरी.

त्या अस्थींसाठीं मठानें एक मूर्ति घडविली. ती अद्याप तेथील संग्रहालयांत आहे, आणि मध्ययुगीन युरोपांतील अशा मूर्तींत तिच्याइतकी जुनी क्वचितच दुसरी असेल. उंची सुमारें ८५ सेंटिमीटर. आंत लांकडाचा गाभा, त्यावर सोन्याचा पत्रा. नवव्या-दहाव्या शतकांतील हें काम. पाठीमागें एक पोकळी असून तींत त्या मुलीच्या कवटीचा भाग ठेवलेला होता. सिंहासनावर ती ताठ बसली आहे, डोक्यावर मुकुट आहे, आणि सर्वांगावर यात्रेकरूंनीं शतकानुशतकें वाहिलेलीं रत्नें आणि कोरींव खडे जडविलेले आहेत; त्यांत ग्रीक-रोमन काळचे कित्येक आहेत. चमत्कारिक गोष्ट ही कीं तिचें मस्तक तिच्या देहाहून कित्येक शतकें जुनें आहे. विसाव्या शतकाच्या मध्यांत मूर्तीची तपासणी झाली तेव्हां दिसून आलें कीं तो सोन्याचा चेहरा रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळांतला आहे. बहुधा एखाद्या बादशहाच्या प्रतिमेचा असावा. ज्या रोमच्या देवतांपुढें मान तुकविली नाहीं म्हणून मुलीचा वध झाला, त्या रोमच्याच एका सत्ताधीशाचा मुखवटा तिच्या मूर्तीला लाभला.

या मूर्तीविषयीं एका विद्वानाची साक्ष उपलब्ध आहे. त्याचें नांव बर्नार. उत्तर फ्रान्समधील आंजे येथील विद्यालयाचा हा शिक्षक, शार्त्रच्या सुप्रसिद्ध फुल्बेर गुरूंचा शिष्य. म्हणजे माझ्याच व्यवसायांतला, आणि त्या व्यवसायाला चिकटलेली अहंताहि त्याच्या ठायीं भरपूर होती. फ्वाच्या चमत्कारांच्या कथा त्याच्या कानांवर आल्या, परंतु त्या अडाणी लोकांच्या वल्गना असें तो समजे. खरेंखोटें करावें म्हणून १०१३ मध्यें तो स्वतः कोंकला गेला. वाटेंत ठिकठिकाणीं अशाच सोन्यारुप्याच्या मूर्तींपुढें लोक लोटांगणें घालतांना पाहून तो सोबत्याला हंसून म्हणाला कीं, ही तर ज्यूपिटर आणि मार्स यांचीच पूजा झाली! मूर्तिपूजेविषयींचा हा संशय एका ख्रिस्ती पंडिताच्या मनांत यावा हें साहजिकच होतें. परंतु कोंकला राहिल्यावर त्याचें मन पालटलें. तेथें त्याला गिबेर नांवाचा एक मनुष्य भेटला. त्याच्याच मालकानें सुमारें तीस वर्षांपूर्वीं त्याचे डोळे उपटून काढले होते, आणि फ्वाच्या कृपेनें ते परत मिळाले, असें तो आणि सारा गांव सांगत होता. बर्नारनें लोकांना विचारून विचारून अशा कथा लिहून घेण्यास आरंभ केला. तो एकंदर तीन वेळां कोंकला गेला, आणि त्या संतचमत्कारांच्या ग्रंथाचे पहिले दोन भाग त्यानें लिहिले.

चमत्कारांवर आपला विश्वास असो वा नसो, त्या काळच्या जनतेचें जिवंत चित्र म्हणून हा ग्रंथ फार मोलाचा आहे. त्यांतली फ्वा ही लहान मुलीसारखीच हट्टी आणि खोडकर आहे. श्रीमंत बायकांच्या स्वप्नांत जाऊन ती त्यांच्या आंगठ्या आणि कंकणें मागते, आणि दिलीं नाहींत तर पिच्छा पुरवते. पण तिचें खरें ब्रीद म्हणजे बंदिवानांना सोडविणें. गढीवाल्या सरदारांनीं तळघरांत डांबलेले लोक तिचा धांवा करीत, आणि सुटले म्हणजे आपल्या बेड्या घेऊन कोंकला येत. बेड्यांचा इतका ढीग जमला कीं लोहारांकडून त्या ठोकून मंदिरासाठीं दारें करविलीं, असें बर्नार लिहितो. त्या काळीं राजसत्ता दुबळी, न्याय गढीवाल्याच्या मर्जीवर. अशा वेळीं गोरगरिबांना एका मुलीच्या अस्थींचा आधार वाटावा यांत नवल तें कोणतें?

दुसरी एक कथा तर आपल्या विषयाशीं निकट संबंध असलेली आहे. यात्रेकरू मेणबत्त्या घेऊन रात्रभर मंदिरांत जागत. सुशिक्षित असत ते स्तोत्रें म्हणत. पण खेडुतांना लॅटिन कोठून येणार? ते आपलीं गांवरान गाणीं गात आणि गोष्टी सांगत रात्र काढीत. हा गोंगाट देवालयांत शोभत नाहीं म्हणून बर्नारनें नापसंती दर्शविली. तेव्हां मठाधिपतीनें त्याला सांगितलें कीं पूर्वीं एकदां साधूंनीं याच कारणासाठीं रात्रीं दरवाजे लावून घेतले होते. बाहेर लोक आक्रोश करीत राहिले. आणि मध्यरात्रीं अडसर आपोआप निघून दरवाजे उघडले. साधु पहांटेच्या पाठासाठीं उठून येतात तों मंदिर लोकांनीं इतकें भरलेलें कीं त्यांना स्वतःच्या जागीं पोंचतां येईना! तेव्हांपासून कोणी लोकांना अडविलें नाहीं. भोळ्या भावनेनें गाइलेलें गाणें देव मान्य करीत असावा, असा निर्णय त्या शिक्षकानेंहि मग दिला.

दरवाजे उघडे ठेवावयाचे असें ठरल्यावर पुढचा प्रश्न बांधकामाचा होता. ओदोल्रिक हा मठाधिपति १०३१ पासून १०६५ पर्यंत गादीवर होता. त्यानें जुनें मंदिर पाडून नव्याची उभारणी सुरू केली. त्याच्यामागून एत्येन, मग १०८७ ते ११०७ पर्यंत तिसरा बेगों, आणि शेवटीं बोनिफास यांनीं तें काम पुरें केलें. म्हणजे चार महंतांच्या कारकीर्दी त्यांत खर्चीं पडल्या.

या मंदिराचा नकाशा डोळ्यांपुढें आणण्याचा प्रयत्न करा. ख्रिस्ती चर्चचा तळ सामान्यतः क्रुसाच्या आकाराचा असतो. पश्चिमेस दरवाजा, तेथून पूर्वेकडे जाणारें लांब मध्यदालन, त्याला छेदणाऱ्या दोन भुजा, आणि पूर्वेच्या टोंकाला अर्धवर्तुळाकार गाभारा. कोंकच्या मंदिरांत मध्यदालनाच्या दोन्ही अंगांना ओवऱ्या आहेत. या ओवऱ्या चौकापाशीं थांबत नाहींत; त्या वळून भुजांमध्यें जातात, आणि पुढें गाभाऱ्याच्या पाठीमागून फिरणाऱ्या अर्धवर्तुळ वाटेला मिळतात. म्हणजे पश्चिमद्वारानें शिरलेला यात्रेकरू एका ओवरीनें निघाला कीं मध्यदालनांत पाऊल न टाकतां, साधूंच्या पाठांत अडथळा न आणतां, गाभाऱ्याला वळसा घालून, जाळीपलीकडे असलेल्या संताचें दर्शन घेऊन दुसऱ्या ओवरीनें बाहेर पडूं शकतो. येणारांची वाट निराळी, जाणारांची निराळी. या वळशाच्या बाहेरच्या अंगाला तीन लहान अर्धगोल देवघरें आहेत, भुजांना आणखी चार; प्रत्येकांत स्वतंत्र वेदी. त्यामुळें लोकांचा लोंढा एकाच ठिकाणीं न तुंबतां विभागला जातो. गाभाऱ्याभोंवतींच्या जाळ्या बाराव्या शतकांतल्या आहेत, आणि त्या बंदिवानांच्या बेड्या वितळवून केल्या असें परंपरा सांगते.

या वाटेला 'प्रदक्षिणामार्ग' हा आपल्याकडील शब्द सहज लागू पडतो. मीहि तोच वापरणार आहें. परंतु एक भेद ध्यानांत ठेवावा. आपल्याकडे प्रदक्षिणा हेंच उपासनेचें एक अंग आहे. देव उजव्या हाताला ठेवूनच ती घालावयाची. तेथें ही वाट मुख्यतः सोयीची आहे.

जागेनें मात्र गवंड्यांची चांगलीच परीक्षा पाहिली. डोंगराच्या उतारावर सपाटी अशी नव्हतीच; म्हणून तुलूझच्या मंदिराची लांबी सुमारें ११५ मीटर आहे, तर कोंकच्या मंदिराची अवघी ५६. लांबी वाढवितां आली नाहीं, म्हणून उंचीकडे लक्ष दिलें. मध्यदालन जेमतेम सात मीटर रुंद, पण छत २२ मीटर उंच. त्यामुळें आंत पाऊल टाकतांच दृष्टि आपोआप वर जाते. हें छत लांकडी नाहीं. लांकडी छतांना मेणबत्त्यांपासून नेहमींच आगीचें भय. म्हणून तें संपूर्ण दगडी, उभें चिरलेलें पिंप उपडें घालावें तशा आकाराचें केलें आहे. पण अशा अर्धगोल दगडी छताचा भार सरळ खालीं येत नाहीं. तो दोन्ही भिंतींना बाहेरच्या बाजूस रेटतो. हा रेटा थोपवावयाचा कसा? यासाठीं ओवऱ्यांवर माड्या बांधल्या, आणि माड्यांवर पाव वर्तुळाच्या आकाराच्या कमानींचें छत घातलें. दोन्ही बाजूंनीं खांदे लावून एखादी भिंत सांवरून धरावी, तशा या अर्ध्या कमानी मधल्या छताला सांवरतात. त्यामुळें मध्यदालनाच्या भिंतींत वर खिडक्या ठेवणें शक्य झालें नाहीं. प्रकाश येतो तो ओवऱ्यांच्या आणि माड्यांच्या खिडक्यांतून, गाळून आल्यासारखा. चौकावरील घुमट मात्र पुढें कोसळला आणि पंधराव्या शतकांत नव्या पद्धतीच्या कमानींवर पुन्हां उभारावा लागला.

दगड तीन प्रकारचा आहे. आरंभीं तांबडा वाळूचा दगड वापरला, नंतर पिवळसर चुनखडीचा; किरकोळ भरावासाठीं आणि छपरासाठीं तेथल्याच डोंगरांतला, पाटीसारखे पापुद्रे निघणारा राखी दगड. त्यामुळें भिंतींचे रंग पाहूनच बांधकाम कोठवर आलें असतां खाण बदलली तें कळतें. खांबांवर सुमारें अडीचशें कोरींव स्तंभशीर्षें आहेत. त्यांतील एकावर रोमन अधिकाऱ्यापुढें उभी केलेली फ्वा आहे.

परंतु लोक कोंकला पाहण्यास जातात तें मुख्यतः पश्चिमद्वारावरील शिल्प. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत कोरलेला हा अर्धवर्तुळाकार पट पावणेसात मीटर रुंद आणि साडेतीन मीटरांहून किंचित् उंच असून त्यावर १२४ आकृति आहेत. विषय अंतिम न्यायाचा. मध्यभागीं ख्रिस्त, उजवा हात वर, डावा खालीं. त्याच्या उजवीकडे पुण्यवानांची रांग : पुढें मेरी, मग किल्ली घेतलेला संत पीटर, मग मठाचा आद्य तपस्वी दादों, आणि त्याच्यामागें एक मठाधिपति एका मुकुटधारी राजाचा हात धरून त्याला ओढीत नेत आहे. हा राजा शार्लमेन असें मानतात. बादशहा थोडा वांकलेला, संकोचलेला दिसतो. त्याच्यामागून साधु त्यानें मठाला दिलेलीं दानें घेऊन येत आहेत. जणूं तीं दाखविल्याखेरीज आंत प्रवेश मिळणार नाहीं! मठानें आपल्या आश्रयदात्याचा गौरव केला खरा, पण तो अशा रीतीनें.

त्या रांगेच्या खालीं एका कोपऱ्यांत लहानशी फ्वा गुडघे टेकून वांकली आहे, आणि ढगांतून आलेला देवाचा हात तिच्या मस्तकावर आहे. तिच्यामागें कोंकच्या मंदिराच्याच कमानी कोरल्या असून त्यांना बेड्या टांगलेल्या आहेत. बर्नारनें शंभर वर्षांपूर्वीं लिहिलेल्या त्याच या बेड्या.

डावीकडे नरक. तेथें शिल्पकाराचा हात अधिक मोकळा सुटला आहे, हें कबूल केलें पाहिजे. घोड्यावरून डोकें खालीं करून पाडलेला गर्विष्ठ सरदार. गळ्यांत थैली अडकवून फांसावर लटकविलेला कंजूष. खोटीं नाणीं पाडणारा, त्याचीं हत्यारें त्याच्याजवळच. सशाच्या तोंडाच्या सैतानाकडून सळईवर भाजला जाणारा शिकारी. जाळ्यांत मासळीसारखे सांपडलेले धर्माधिकारी. आणि मुकुटाखेरीज अंगावर कांहीं न उरलेला एक राजा. जे लोक त्या काळीं खेडुताच्या मानेवर बसले होते ते बहुतेक सारे येथें हजर आहेत. अक्षरशत्रु यात्रेकरूला हें वाचण्यासाठीं लॅटिनची गरज नव्हती. पटाच्या कडेला एक गंमत आहे : कमानीच्या पट्टीआडून चौदा चिमुकले चेहरे, बोटांनीं कड धरून, हा सारा न्याय डोकावून पाहत आहेत. मूळच्या रंगांचे अंशहि अजून ठिकठिकाणीं दिसतात.

कोंकचा लौकिक आतां दूरवर गेला. बाराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास कोंपोस्तेलाच्या यात्रेकरूंसाठीं लिहिलेल्या एका मार्गदर्शक पुस्तकांत फ्रान्समधील चार वाटा दिल्या आहेत. त्यांपैकीं ल प्वी येथून निघणाऱ्या वाटेवरील यात्रेकरूंनीं संत फ्वाचें दर्शन अवश्य घ्यावें, असें त्यांत सांगितलें आहे. मंदिराच्या दारापुढील उत्तम झऱ्याचाहि त्यांत उल्लेख आहे. तहानलेल्या माणसाच्या दृष्टीनें तो उल्लेख शिल्पांपेक्षां कमी महत्त्वाचा नसावा. कोंकचा एक साधु स्पेनमध्यें पांप्लोना येथें बिशप झाला. इंग्लंडमध्यें एक सरदार आणि त्याची पत्नी यात्रेहून परततांना फ्रान्समध्यें लुटारूंच्या कैदेंत पडलीं. फ्वाच्या कृपेनें सुटलों अशा श्रद्धेनें त्यांनीं ११०५ मध्यें नॉर्फोक परगण्यांत तिच्या नांवें मठ स्थापिला. १९२४ मध्यें त्या मठाच्या भिंतीवर ही सारी कथा रंगविलेली आढळली.

बेगोंची समाधि मंदिराच्या दक्षिण भिंतींत आहे. त्यानें दक्षिणेकडील ओवऱ्यांचा चौक बांधला, असें तिच्यावरील लेखांत म्हटलें आहे. तो चौक मात्र आज जवळजवळ नाहीं. याची हकीकत थोडक्यांत सांगतों. यात्रा ओसरल्या, १५३७ मध्यें मठवासी साधूंच्या जागीं सामान्य धर्मोपदेशक आले, १५६८ मध्यें प्रॉटेस्टंटांनीं मंदिराला आग लावली आणि गाभाऱ्याचे खांब इतके तडकले कीं ते भिंत घालून बुजवावे लागले. मग राज्यक्रांति आली. देवालयांचें सोनेंरुपें वितळविण्यासाठीं सरकारजमा करण्याचा हुकूम सुटला. अधिकारी येण्यापूर्वींच गांवकऱ्यांनीं रातोरात मूर्ति आणि इतर सारा खजिना हलविला. घरांत, बागांत, चेस्टनट वाळविण्याच्या झोंपड्यांत तो लपविला, असें गांवांत सांगतात. तो काळ उपासमारीचा. त्या सोन्याचा एक तुकडा विकला असता तरी एखादें कुटुंब कित्येक वर्षें सुखानें जेवलें असतें. वादळ शमल्यावर तो खजिना परत आला. फ्रान्समधील बहुतेक मोठ्या देवालयांचे खजिने त्या वेळीं मुशींत गेले. या दरिद्री खेड्याचा शाबूत राहिला. आझेंहून तो ठेवा चोरून आणणारा एकटा आरिविस्कस. तो सांभाळणारें मात्र सारें गांव.

दगडांच्या बाबतींत गांवकऱ्यांची दृष्टि निराळी होती, हेंहि सांगितलें पाहिजे. बेगोंच्या चौकाचे दगड घरें बांधावयास उपयोगी पडले. मंदिरहि त्याच वाटेनें जावयाचें. परंतु १८३७ मध्यें प्रोस्पेर मेरिमे तेथें येऊन पोंचला. 'कार्मेन' या कथेचा कर्ता म्हणून हा लेखक जगाला ठाऊक आहे. पण त्या वेळीं तो फ्रान्सच्या ऐतिहासिक वास्तूंचा मुख्य तपासनीस होता. अशा रानांत असें वैभव आढळेल अशी त्याची कल्पना नव्हती. त्याच्या शिफारशीवरून रोदेझचे वास्तुकार ब्वासोनाद यांजकडे दुरुस्तीचें काम सोंपविण्यांत आलें. पश्चिमद्वाराच्या दोन्ही मनोऱ्यांचे शेंडे एकोणिसाव्या शतकांतलेच आहेत. कित्येक प्रवासी ते मध्ययुगीन समजून त्यांची वाखाणणी करतात.

१८७३ मध्यें प्रेमोंत्रे संघाचे साधु कोंकला आले आणि मंदिरांतील नित्यपाठ पुन्हां सुरू झाला. दोनच वर्षांनीं गाभाऱ्याच्या खांबांमधली ती जुनी भिंत काढीत असतां आंत कातड्यानें मढविलेली, मिन्याच्या चकत्या बसविलेली एक पेटी सांपडली. महंत बोनिफासचें नांव तीवर होतें, आणि आंत अस्थि होत्या. आगीच्या धामधुमींत कोणीतरी ती पेटी तेथें चिणून टाकली आणि मग सारे विसरले. तीनशें वर्षें लोक तिच्याभोंवतींच फिरत होते.

अलीकडील एक घटना राहिली. प्येर सुलाझ हा चित्रकार १९१९ मध्यें रोदेझ येथें जन्मला. शाळेंत असतां तो कोंकला गेला होता. तेथेंच आपण कलेचा मार्ग धरला, असें तो सांगे. या मंदिराच्या १०४ खिडक्यांना नव्या काचा बसविण्याचें काम त्याजकडे आलें, आणि १९८७ पासून १९९४ पर्यंत त्यानें तें केलें. विसाव्या शतकाच्या मध्यांत बसविलेल्या रंगीत, संतचित्रांच्या काचा काढून त्या जागीं एकहि चित्र नसलेली, बिनरंगी, दुधाळ कांच बसणार, हें ऐकून गांवांत बराच विरोध झाला. पण सुलाझचें म्हणणें असें कीं हें मंदिर उजेडाच्या मापानें बांधलेलें आहे. तेथें चित्र नको, उजेड हवा. कित्येक प्रयोगांनंतर त्याला हवी तशी कांच मिळाली. तिच्यांतून पलीकडचें कांहीं दिसत नाहीं, परंतु दिवस चढतो-उतरतो तसा तिचा रंग पालटतो. सुलाझ २०२२ मध्यें वारला.

ल प्वीहून कोंपोस्तेलाकडे जाणारी वाट पुन्हां गजबजली आहे. श्रद्धाळू, हौशी, कांहींच न मानणारे, सर्व प्रकारचे लोक पाठीवर पिशवी टाकून डोंगर उतरतात आणि मठांत रात्रीचा आसरा मागतात. रात्रीची प्रार्थना आटोपल्यावर मठांतील एक साधु बाहेर पश्चिमद्वारापाशीं येतो, आणि जमलेल्या यात्रेकरूंना त्या शिल्पांतल्या आकृति एकेक करून समजावून सांगतो, अशी तेथें प्रथा आहे.